जांभळा ठिपका

"आलं! मावशी, आलं बघ! आलं गं!"

भाचीने टेबलावर अशी थाप मारली की काचपट्ट्यांचा अख्खा ट्रे खुळखुळला. भिंगबाईंनी आधी दोन्ही हातांनी ट्रे सावरला आणि मग मान पुढे काढून, सवयीने डावा डोळा मिटून, त्या कार्डाकडे पाहिलं. कार्ड म्हणजे काय, तर पत्त्यातल्या पानाएवढा पांढरा पुठ्ठा आणि त्यावर चिकटवलेल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या दोन कागदी चकत्या. मघाशी दोन्ही पिवळ्या होत्या. आता म्हणे डावी जांभळी होत होती.

"कुठे गं?"

"अगं, ही काय! कडेने बघ. कडेने सुरू झालंय."

"हां, हां. दिसतंय की."

दिसत काही नव्हतं. भिंगबाईंना ती चकती पिवळीच दिसत होती, फार तर जराशी मळलेली. पण पोरगी नुसती नाचत होती, मोठे डॉक्टर डबा तसाच उघडा टाकून टेबलापाशी आले होते, आणि अशा वेळी 'मला नाही बाई दिसत' म्हणून आनंदावर विरजण घालणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. चहा येऊन संपेपर्यंत त्यांनाही रंग दिसला. चांगला गडद जांभळा. मग मात्र त्यांनी भाचीच्या पाठीत असा धपाटा घातला की तिला ठसकाच लागला.

"थुंकी गरम पाण्यात उकळायची," भाची ठसक्यातून सावरत डॉक्टरांना सांगत होती, "या नळीतल्या औषधात मिसळायची आणि एक थेंब डाव्या चकतीवर सोडायचा. उजवीवर साधं पाणी. बस्स! क्षयाचा जंतू असला तर डावी जांभळी, नसला तर पिवळीची पिवळी. वीज नको, फ्रिज नको, भिंग नको."

"आणि माणूस?" भिंगबाईंनी विचारलं.

"माणूस पण नको. म्हणजे... हवा, पण कोणीही चालेल गं."

"कोणीही चालेल" हे ऐकून भिंगबाई मोठ्याने हसल्या, कारण त्या खोलीत गेली कितीतरी वर्षं कोणीही चालत नव्हतं. भिंगबाईच लागायच्या.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. खिडकीपाशी एक जुनं, एकाच नळीचं भिंग होतं. खालच्या आरशाने खिडकीतला उजेड वर घ्यायचा, रंगवलेल्या काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकायचा आणि उजवा डोळा लावून बसायचं. रंग असा असायचा की सगळं निळं दिसे आणि क्षयाचे जंतू तेवढे लाल. निळ्या शेतात लाल काड्या. एखाद्या पट्टीवर त्या गवतासारख्या माजलेल्या असत, एखाद्या पट्टीवर सगळं शेत पालथं घातल्यावर कोपऱ्यात एक सापडे. "लोक डोळ्यात तेल घालून काम करतात, मी भिंगाला तेल लावून करते," असा त्यांचा एक विनोद होता. तो दवाखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला एकदा ऐकावाच लागे. दोन डोळ्यांची, विजेवर चालणारी नवी भिंगं आली तेव्हा त्यांनी ती तरुण मंडळींना देऊन टाकली. "दोन डोळ्यांनी बघायचं म्हणजे दोघांनी मिळून एक सुई ओवायची," असं त्यांचं मत. आणि त्यांना कोण बोलणार? भिंगबाईंनी 'आहे' म्हटलं की आहे आणि 'नाही' म्हटलं की नाही. काळ्या दगडावरची रेघ. मोठे डॉक्टरसुद्धा त्यांची पट्टी पुन्हा पाहत नसत.

खोलीची एक भिंत प्लायवूडची होती आणि पलीकडे दवाखान्याची शिवणखोली होती. तिथे मास्तर बसत. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, डॉक्टरांचे कोट, सगळं त्यांच्या मशीनखालून जाई. चहा आला की मास्तर भिंतीवर दोनदा टकटक करत, आणि भिंगबाई तितक्याच टकटकीने 'आले' म्हणून कळवत. दोघांचं बोलणं मोजकंच असे, पण दोघांचाही धंदा डोळ्यांचा, त्यामुळे एकमेकांची मान कुठे अवघडते ते दोघांना ठाऊक होतं.

भाची ही धाकट्या बहिणीची मुलगी. शाळेपासून मावशीकडेच वाढली. शाळा सुटली की दप्तर घेऊन ती थेट या खोलीत यायची आणि खिडकीबाहेरची रांग बघत बसायची. लांबून आलेली माणसं. आज नमुना द्या, उद्या दुसरा आणा, परवा निकाल न्या. बऱ्याच जणांची तिसरी खेप व्हायचीच नाही. निकाल खिडकीत पडून राहायचा आणि तो माणूस आपल्या गावी खोकत. "हे त्यांच्या दारातच का नाही कळत?" असं तिने लहानपणी विचारलं होतं. तेव्हा मावशी म्हणाली होती, "मी एकटी कुठेकुठे जाऊ गं ठमे?" पोरीने ते बोलणं मनावर घेतलं, आणि मोठी होऊन जंतूंच्याच मागे लागली.

तिचा तो कागद कसा चालतो हे तिने मावशीला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून समजावलं होतं.

"निरुपद्रवी जंतू वाढवायचे, फोडायचे आणि त्यांच्या आतला रस काढायचा. त्या रसात सगळी यंत्रं असतात गं, बारीक बारीक. मग त्यात आपण घडवलेला हुकूम टाकायचा. क्षयाच्या जंतूची खूण दिसली तरच रंग तयार कर, नाहीतर गप्प बस. असा रस कागदावर वाळवून ठेवला की तो झोपतो. पाण्याचा थेंब पडला की उठतो आणि कामाला लागतो."

"पण जंतू तर मेला ना? मग काम कोण करतं?"

"मालक गेला तरी कारखाना चालू राहतो की नाही? तसं."

"तुमच्या दवाखान्यात मालक असतानाही चालत नाही," मावशीचे यजमान बाहेरच्या खोलीतून म्हणाले. ते बस आगारातून निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्राआडून असेच बोलत. मग त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "आणि अगं, चहा कपात ओततात. बशी भरून वाहतेय."

"अहो, बोलण्यात लक्ष होतं माझं," भिंगबाई म्हणाल्या आणि फडकं शोधायला लागल्या. फडकं समोरच होतं.

त्या पहिल्या जांभळ्या ठिपक्यानंतर दिवस कसे गेले ते कोणाला कळलं नाही. भाची आठवड्यातून चारदा येई, दारातूनच "मावशी, ऐक!" म्हणून सुरू होई. कधी रंग लवकर यायला लागलेला असे, कधी उन्हात ठेवलेली कार्डंही शाबूत निघालेली असत. एकदा मात्र ती रडतच आली. सगळी कार्डं जांभळी झाली होती. पाण्याच्या चकत्यासुद्धा! दोन दिवस सगळ्यांनी डोकी खाजवली. शेवटी कळलं की स्वस्तात मस्त म्हणून चकत्या पाडायला ती कार्यालयातला कागदाला भोकं पाडायचा साधा पंच वापरत होती, आणि त्याच पंचने तिने आधी जंतूची खूण लावलेले नमुन्याचे कागद कापले होते. पंचच्या दातांना चिकटलेली खूण पुढच्या प्रत्येक चकतीला लागली. मावशीला हसू आवरेना. भाची चिडली, मग तीही हसली, आणि त्यानंतर तिने दोन पंच ठेवले, एकाला हिरवी फीत आणि दुसऱ्याला लाल.

मग आरोग्य खात्याच्या अधिकारी बाई आल्या. उंच, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी अट घातली ती साधी होती. दवाखान्यात येणाऱ्या माणसांचे नमुने घ्यायचे. अर्धा नमुना भिंगबाईंकडे, अर्धा कागदावर. एकमेकींचं एकमेकींनी बघायचं नाही. शेवटी समोरासमोर मांडायचं.

"या बाईंची नजर हीच आपली कसोटी," त्या म्हणाल्या. "कागदाने एखाददुसरा आजारी सोडला तर ते मी समजू शकते, भिंगही सोडतं. पण धडधाकट माणसाला हा कागद आजारी म्हणाला, असा एकही निघाला तर तो लहान दवाखान्यांत जाणार नाही. तिथे चूक दाखवायला तुमच्या मावशी नसणार."

भाचीने मान हलवली. भिंगबाईंचा ऊर मात्र भरून आला. कसोटी! घरी गेल्यावर हा शब्द त्यांनी यजमानांना निदान पाच वेळा ऐकवला.

नमुने घ्यायच्या शेवटच्या दिवशी मास्तर आले. खोकला बरेच दिवस होता. शिवणखोलीतल्या कापसाच्या धुळीचा असेल म्हणून त्यांनी अंगावर काढला होता. "बाई, तुम्हीच बघा म्हणजे झालं," म्हणून त्यांनी डबी पुढे केली आणि लाजल्यासारखे निघून गेले. सगळ्यात शेवटची पट्टी त्यांचीच होती. नाव कळायला नको होतं, पण आता डोळे मिटून डबी घ्यायची का? भिंगबाईंनी सगळं शेत पालथं घातलं. निळंच निळं. त्यांना इतकं बरं वाटलं की नियम-बियम विसरून त्यांनी प्लायवूडवर दोनदा टकटक केली. पलीकडचं मशीन थांबलं. जरा वेळाने पलीकडून टकटक आली आणि मशीन पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जोरात.

समोरासमोर मांडायचा दिवस उजाडला. लांब टेबलाच्या एका बाजूला भिंगबाईंच्या पट्ट्या होत्या. 'आहे' त्यावर लाल खूण, 'नाही' ती कोरी. दुसऱ्या बाजूला भाचीची कार्डं. अधिकारी बाई एकेक नंबर उचलत होत्या आणि मोठे डॉक्टर मोठ्याने बोलत होते.

"कोरी. पिवळा. जमलं! कोरी. पिवळा. लाल... जांभळा! शाबास!"

दारात परिचारिका जमल्या. औषधांच्या खिडकीवरचा माणूस खिडकी सोडून आला. दर जांभळ्याला 'हो!' असा आवाज उठू लागला, मैदानावर खेळ चालावा तसा. भाचीने मावशीचा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली असती. भिंगबाईंनाही घाम फुटला होता, आनंदाचा. आपण जे उभ्या जन्मात मान मोडून शिकलो ते या पोरीने बटणाएवढ्या कागदाला शिकवलं! लाल, जांभळा. कोरी, पिवळा. टेबल संपत आलं. जुळणार, सगळं जुळणार!

"कोरी," डॉक्टर म्हणाले, आणि थांबले.

शेवटचं कार्ड जांभळं होतं.

भाचीचा हात मावशीच्या दंडावरून गळून पडला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "पंच. पंचचंच काहीतरी झालं असणार. माझ्याच हातून..."

"असेल, असेल," डॉक्टर हळहळले. "कागदच चुकला. बाई चुकायच्या नाहीत."

अधिकारी बाईंनी कार्ड उलटसुलट केलं. उजवी, पाण्याची चकती पिवळीच होती. "वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, "पण ठरलं ते ठरलं. आणखी वर्षभर काम करा, मग पुन्हा बघू."

भाची खाली बघत मान हलवत होती. मावशीला ती मान ओळखीची होती. शाळेत बक्षीस हुकलं की पोरगी अशीच मान हलवायची, आणि घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन रडायची. पण भिंगबाईंच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. पंच चुकला असता तर पाण्याची चकतीही जांभळी झाली असती. ती पिवळी होती. मग?

"ती पट्टी द्या इकडे," त्या म्हणाल्या.

त्या खिडकीपाशी बसल्या. आरसा फिरवला, तेलाचा थेंब टाकला, उजवा डोळा लावला. निळं शेत. ओळीमागून ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही नाही. स्वच्छ. पाठीमागे डॉक्टर कोणाला तरी हळूच "बघा" म्हणाले, म्हणजे बघा, बाईंचं बरोबरच असणार.

भिंगबाईंनी डोळा काढला आणि खिडकीकडे पाहिलं. बाहेरच्या भिंतीवर ऊन होतं. त्यांना बशीभर चहा आठवला. समोर असून न दिसलेलं फडकं आठवलं. तो पहिला ठिपका आठवला, सगळ्यांना दिसलेला आणि आपल्याला मळका पिवळा वाटलेला. आणि मग त्यांनी जे केलं ते इतक्या वर्षांत एकदाही केलं नव्हतं. खुर्ची जराशी सरकवली, उजवा डोळा तळहाताने झाकला आणि नळीला डावा डोळा लावला.

पहिल्याच नजरेत एक लाल काडी दिसली. फिकी, पण लाल. जरा पुढे सरकवलं तर आणखी दोन.

त्यांनी पट्टी हलवली नाही. पुन्हा उजवा डोळा लावला. त्याच जागी निळं शेत. पुन्हा डावा. काड्या.

असं किती वेळा केलं कोण जाणे. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बघा."

अधिकारी बाई बसल्या. बराच वेळ बघितलं. "आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणजे?" भाची पुढे आली.

"म्हणजे तुझा कागद बरोबर आणि तुझी मावशी चूक," भिंगबाई म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा आला. "माझा उजवा डोळा गेलाय गं. मोतीबिंदू असेल, आणखी काही असेल. मला कळलंच नाही. मला सगळं स्वच्छ दिसतंय असंच वाटत होतं."

डॉक्टरांनी दारातली गर्दी हाताने मागे सारली. "बाई, बसा जरा. आपण आत बसून बोलू. एका पट्टीचं काय एवढं? तुमचं नाव..."

"एका पट्टीचं नाही, डॉक्टर! हा डोळा कधीपासून खोटं बोलतोय ते मला कुठे माहीत आहे? कपाटातल्या जेवढ्या पट्ट्या आहेत तेवढ्या पुन्हा बघाव्या लागतील. ज्यांना मी 'नाही' म्हणून घरी पाठवलं त्यांना परत बोलवावं लागेल. आणि नाव काय चाटायचंय?"

हे बोलून त्या तडक कपाटाकडे निघाल्या. भाचीने त्यांना धरलं. पोरगी रडत होती.

"मावशी, तू म्हणाली नसतीस तर..."

"तर वर्षभर रडली असतीस. आता कशाला रडतेस? अगं ठमे, जिंकलीस तू! मला नाही दिसलं ते तुझ्या कागदाला दिसलं!" आणि त्यांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. तो पहिल्यासारखाच जोरदार होता. खरंच सांगायचं तर त्या क्षणी भिंगबाईंना आपण रडतोय की हसतोय ते कळत नव्हतं. शरमेने तोंड लपवावं असंही वाटत होतं आणि रस्त्यात जाऊन ओरडावं असंही. दारातल्या परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या. अधिकारी बाईंनी कार्ड उचललं, उजेडात धरलं, आणि पहिल्यांदाच हसल्या.

"जाईल," त्या म्हणाल्या. "लहान दवाखान्यांत जाईल."

टाळ्या संपायच्या आत भिंगबाई बाहेर पडल्या आणि शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या शिवणखोलीत फारशा गेल्याच नव्हत्या. भिंत होती ना.

मास्तर अभ्रा शिवत होते. "काय बाई, आज आमच्याकडे? पलीकडे एवढा गलका कसला?"

"मास्तर, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं." त्यांनी श्वास घेतला. "तुम्हाला क्षय आहे. मी 'नाही' म्हटलं, पण आहे. मला दिसला नाही. औषधं आजच सुरू करायची. बरे व्हाल, नक्की बरे व्हाल. पण मी चुकले."

मास्तरांनी मशीनवरचा पाय काढला. अभ्र्याची शिवण अर्ध्यावर राहिली. भिंगबाईंना वाटलं, आता हे बोलतील, बोलायलाच हवं.

"कुठला डोळा?" मास्तरांनी विचारलं.

"उजवा."

"माझा डावा गेला होता. मला कळलं कसं माहिती आहे का? तुमच्या मोठ्या डॉक्टरांच्या कोटाला एक बाही आखूड लावली मी. ते बिचारे महिनाभर तो तसाच घालून फिरले, त्यांनाही कळलं नाही." ते हसले आणि हसता हसता खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "घरी नातू आहे, बाई. मांडीवर बसतो सारखा."

"त्याला उद्याच घेऊन या. कागदावर बघू. चहा पिऊन होईपर्यंत कळेल."

"आणि तुम्ही बघणार?"

"नाही," भिंगबाई म्हणाल्या. "तुम्हीच बघायचं. जांभळा की पिवळा, एवढंच."

दुसऱ्या दिवशी नातवाचं कार्ड टेबलावर ठेवून मास्तर त्याच्याकडे असे टक लावून बसले की पापणी हलली नाही. चहा थंड झाला. डावी चकती शेवटपर्यंत पिवळीच राहिली. मास्तरांनी कार्ड उचलून कपाळाला लावलं आणि नातवाला म्हणाले, "चल, पण आजोबांच्या मांडीवर आता काही दिवस नाही बसायचं हं."

मग कपाटातल्या पट्ट्या निघाल्या. भिंगबाई डाव्या डोळ्याने वाचत होत्या, शेजारी एक तरुण मुलगी दोन डोळ्यांच्या भिंगातून त्याच पट्ट्या पुन्हा बघत होती, आणि भिंगबाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ज्यांना 'नाही' सांगितलं होतं त्यांना निरोप गेले. माणसं आली. बहुतेकांची कार्डं पिवळी राहिली, काहींची जांभळी झाली, आणि त्यांना त्याच दिवशी औषधं मिळाली. एकाच्या घराला कुलूप होतं. भिंगबाई स्वतः दोनदा जाऊन आल्या. शेजारी म्हणाले, खोकत होता फार, कामाच्या शोधात कुठेतरी गेला. त्यानंतर त्या नव्या गावात गेल्या की गर्दीतले चेहरे बघत राहायच्या.

नव्या गावात, कारण भिंगबाई आता कार्डांच्या खोक्याबरोबर फिरत होत्या. उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली आणि लगेच त्यांनी जीपमध्ये पुढची जागा पकडली. यजमान म्हणाले, "आयुष्यभर एका खिडकीत बसलीस, आता घरी कधी बसणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, बाहेर किती रंग आहेत ते तरी बघू द्या!" लहान लहान दवाखाने होते, एका खोलीचे, कुठे वीज नाही, कुठे दारच नाही. तिथे बाकावर कार्डं मांडली जायची आणि माणसं भोवती कोंडाळं करायची. हातच्या काकणाला आरसा कशाला? एका जागी एक बाई आपलं कार्ड बघत होती आणि भिंगबाई काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "जांभळा झाला की हो." मग ती भिंगबाईंचा हात धरून रडली, आणि सूर्य मावळायच्या आत पहिली गोळी घेऊन घरी गेली. तिला तिसरी खेप नव्हती, दुसरीही नव्हती. जीपमध्ये परतताना भिंगबाई आणि भाची दोघी घसा बसेपर्यंत बोलत होत्या.

भिंगबाईंच्या निवृत्तीच्या दिवसांत मास्तर त्यांच्या खोलीत आले. औषधं संपली होती, गाल भरले होते. गळ्यात फीत होती. खिडकीतलं जुनं भिंग आता टेबलाच्या कडेला सरकवलेलं होतं.

"याला खोळ शिवायचीय ना? निळं कापड उरलंय चांगलं." त्यांनी माप घेतलं, उंची, घेर, नळीचा बाक. "खाली काय करू? रोज काढायची असेल तर नाडी ओवतो."

भिंगबाईंनी भिंगाकडे पाहिलं. आरशावर धूळ होती.

"नाडी नको," त्या म्हणाल्या. "खालून शिवूनच टाका."

मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि फीत गुंडाळत ते गेले. दुपारी भिंतीवर दोनदा टकटक झाली आणि पाठोपाठ ते खोळ घेऊन आले. त्यांनी ती भिंगावर चढवली, ते आडवं करून खालची बाजू हाताने शिवली, पुन्हा उभं केलं. खोळ अंगाबरोबर बसली होती.

"मागच्या बाजूला थोडे कच्चे टाके घातलेत," ते दोरा तोडत म्हणाले. "कधी वाटलं तर दोरा ओढायचा. कापडाला काही होणार नाही."

ते गेल्यावर भिंगबाईंनी भिंग फिरवून खिडकीकडे घेतलं. निळ्या कापडावर मास्तरांनी लाल दोरा घातला होता. त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला. उजव्या डोळ्याला एकेक टाका स्वच्छ दिसत होता.